बारा टक्के

काडेपेटीहून थोडी मोठी असेल ती डबी.
तीन बटणं, आणि दोन आकडे मावतील एवढी काच.
मी ती हातमोज्यात ठेवते, तळव्याला लागून,
कारण केमीत जानेवारीला काचेतले आकडेही गारठतात,
पाचाचा सहा होताना
गुडघे धरून जिना चढल्यासारखे चढतात.

जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत आमचा ट्रॅक.
राखाडी गालिचा, वळणावळणाला
अग्निशमनवाल्यांनी टाकून दिलेले पाइप.
बाहेर उणे चोवीस. आत रबर, सोल्डर, कॉफी.
बुधवारी कुणी ना कुणी येतंच:
"तुइरे, डबी दे गं जरा."

दिवसभर मी पाच नंबरची बस चालवते.
संध्याकाळी दुसऱ्यांच्या गाड्यांचे स्वभाव
हातात धरून उभी असते.

स्वभावच. दुसरा शब्द नाही.
रिसीव्हरची वायर काढून डबीत खोचायची,
बॅटरी जोडायची. कंट्रोलर बारीक शीळ घालतो
आणि पोटातलं सगळं ओकतो:
ब्रेक किती कडक, सुटताना उसळी किती,
बॅटरी कुठवर उपसायची,
कुठे हात आखडता घ्यायचा.
ओन्नीच्या गाडीला रिव्हर्स बंद.
नऊ वर्षांचा आहे, त्याला मागं जायचंच नसतं.

माणसांना अशी वायर असती तर, असं मी एकदा म्हणाले.
पेंट्टीनं टायर पुसता पुसता विचारलं,
"बटणं कुणाच्या हातात दिली असतीस?"

आउलिस आला नोव्हेंबरात.
अडतीस वर्षं कागदाच्या गिरणीत.
धावत्या रिळावर तळवा टेकून सांगायचा म्हणे,
आता तुटेल, आता नाही.
गाडी स्वतः बांधलेली, एकेका स्क्रूवर निगुतीनं फिरलेला हात.
आणि सुरुवातीच्या रेषेवर
ती गाडी थरथरायची.
शिट्टीआधी दोन बोटं पुढं. मग मागं. मग पुन्हा पुढं.
पोरं हसली. वाईट नाही, पण हसली.
"कंट्रोलर बिघडलाय," आउलिस म्हणाला,
आणि खिडकीकडे बघत राहिला,
जिथं दुपारी तीनपासून काळोखच होता.

मी डबी जोडली.
कंट्रोलर ठणठणीत.
सातवं कलम: न्यूट्रलची रुंदी. सहा टक्के.
म्हणजे ट्रिगर मधल्या जागी असताना
बोट इकडं तिकडं एवढं हललं तर
ते हललं नाही असं समजायचं.
एवढा मोठेपणा गाडीला शिकवता येतो.

नऊ केले. चाकं अजून शहारत होती.
बारा.
चाकं थांबली.
बोट थांबलं नाही.

"होता बिघडलेला," मी म्हणाले. "झाला नीट."
"हं," आउलिस म्हणाला.
आमच्याकडे हे पूर्ण वाक्य असतं.

बाराची किंमत असते. गाडी उशिरा ऐकते.
सगळे सुटले की पापणीभरानं तो सुटतो,
आणि ती पापणी शेवटच्या फेरीपर्यंत भरून येत नाही.
सहावा. सातवा. एकदा चौथा,
त्या दिवशी वेलचीचा पाव सगळ्यांना.

परवा मात्र कोटांच्या मागं येऊन
त्यानंच डबी मागितली.
मला वाटलं, चष्म्याशिवाय दिसणार नाही.
त्यानं वायर खोचली, पहिल्या खेपेला नाही, तिसऱ्या खेपेला,
बटण दाबत सातव्यापर्यंत गेला,
आणि वाचलं, मोठ्यानं:
"बारा."

पुन्हा दाबलं. आकडा वळून सहावर आला.
पुन्हा. नऊ. पुन्हा. बारा.
"याच्यापुढं?"

"यात नाही," मी म्हणाले.
"नव्या कंट्रोलरमध्ये असेल."
असेल की नाही मला माहीत नव्हतं.

तो बराच वेळ काचेकडे बघत होता.
मग डबी माझ्या हातावर ठेवली.
काच गरम होती.
"चल," म्हणाला, "पोरं थांबलीत."